पान एकशे चौऱ्याण्णव

जेलरोडच्या वाचनालयात तबस्सुम म्हणाली,
काका, ही न्या, जाड आहे, पंधरा दिवस पुरेल.
मी आधी कागद चिमटीत धरून पाहिला.
हलका. पिवळट. कडेला लाटा आलेला.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होतो,
कादंबरी कशी उघडतात मला ठाऊक नाही,
ताव कसा उघडतात ते ठाऊक आहे.

कादंबरी कलकत्त्याची.
त्यात इतकी माणसं, की वीस पानांतच
लाइटबिलाच्या पाठीवर नावं लिहून ठेवावी लागली.
प्रणबेश, पंप दुरुस्त करतो.
शेफाली, त्याची बहीण, सिलिगुडीला दिलेली.
सामंतबाबू, घरमालक. खोकतो.
गल्ली एवढी अरुंद की समोरच्याचा रेडिओ
आपल्या उशाखाली लागतो.

ट्राम मला काही केल्या जमेना.
शेवटी बिटको चौकात मधोमध रूळ टाकले,
मुक्तिधामापाशी वळवली,
आणि घंटा दिली दूधवाल्या पगारेच्या सायकलची.
आता बरी चालते.

पाणी तुंबलं की लेखक लिहितो, गुडघाभर.
कुणाच्या गुडघ्याएवढं?
आपल्याकडे गंगा चढली की दुतोंड्या मारुती सांगतो:
कंबर, छाती, गळा.
त्यात वाद नाही.

अंगठ्याची मात्र पंचाईत.
तो वाचत नाही, मोजतो.
डोळे अजून सामंतबाबूच्या जिन्यात
आणि हा चार पानं पुढे जाऊन
नव्या बंडलाची वाट बघत बसलेला.
छपाईच्या चुका सतरा निघाल्या.
एके ठिकाणी बहिणीची वहिनी झालेली.
खूण केली नाही. माल आपला नव्हे.

सिंधू विचारते, कुठवर आलं त्यांचं?
मी म्हणतो, पंप बंद आहे.
ती म्हणते, आपलाही.

पान एकशे चौऱ्याण्णव.
प्रणबेश रात्री बहिणीला पत्र लिहितो.
साडेतीन ओळी.
पाकिटावर तिकीट लावतो, जिभेनं ओलं करून,
अंगठ्यानं चारी कोपरे दाबून.
आणि ठेवून देतो.
आरशामागे.

मी पुस्तक मिटलं.
कादंबरीतलं साल एक्क्याऐंशी.
त्या साली मी तिकिटांच्या हॉलमध्ये,
डावी रांग, तिसरं टेबल,
शेजारी निरभवणे, जो तावावर शिंकला
म्हणून साहेबांनी दिवसभर उभा ठेवला होता.
रंग सरकलेला, भोक चुकलेलं, डिंक सुटलेला,
एकेक ताव उजेडात धरून बाजूला काढायचो,
पुढे कुणाचं पत्र अडू नये म्हणून.
किती तिकिटं गेली या हाताखालून!
एक तरी कुठे चिकटलं, कुणी उचललं,
आजवर कुणी कळवलं नव्हतं.
पहिलीच खबर आली ती ही.

रात्री हावड्याची गाडी गेली, उशिरानं.
मी उठून दिवा लावला
आणि उरलेली पानं बसल्या बैठकीला तपासली.
सामंतबाबू मेला. पंप सुरू झाला.
शेफाली दोनदा माहेरी आली,
त्याच आरशात बघून तिनं केस विंचरले.
पत्र नाही.
तीनशे शहाऐंशी पानं, पत्र पुन्हा कुठेच नाही.
लेखक विसरला, की मुद्दामच?
ही चूक छपाईची नव्हे.
हिच्यासाठी आमच्याकडे शिक्का नव्हता.

पंधराव्या दिवशी पुस्तक परत केलं.
तबस्सुमनं विचारलं, कशी वाटली?
म्हटलं, बांधणी ढिली आहे, जपून द्या.

घरी येऊन
दाढीचा आरसा खिळ्यावरून उतरवला.
मागे काही नाही.
भिंतीवर फक्त एक चौकोन,
घर घेतलं तेव्हाच्या रंगाचा.
पोपटी होता.
सिंधूला हाक मारून दाखवला.